स्विफ्टला अलॉय टाकताना टायरचं माप कसं जुळवायचं

प्रश्न असा आहे. २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीचे १४ इंची लोखंडी रिम, त्यावर १६५/८० आर१४ टायर. चारही टायर संपत आलेत, म्हणून नवे घेतानाच अलॉय, म्हणजे मिश्रधातूची रिम, टाकायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, १५ इंचीवर १९५/६५ घ्या नाहीतर १६ इंचीवर २०५/५०, दोन्ही बसतात. मित्र म्हणतो १७ च घे, गाडी उठून दिसेल. गाडी साताऱ्यात असते, पुण्याला नेहमी जाणं होतं आणि गावी जायचं म्हणजे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. काय घ्यावं, आणि मापांची तुलना करायची कशी?

उत्तर आधी देतो. १५ इंची रिम आणि १८५/६५ आर१५ टायर. हे माप मी शोधून काढलेलं नाही. याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला, म्हणजे झेडएक्सआय प्लसला, मारुतीने कारखान्यातूनच हे माप दिलं. तुमच्या गाडीचा सांगाडा आणि त्या गाडीचा सांगाडा एकच आहे. टायर कुठे घासतो, पाच माणसं आणि सामान भरल्यावर चाक किती वर येतं, ब्रेक कसा लागतो, हे सगळं कंपनीने त्या मापावर तपासून घेतलेलं आहे. रिम बदलायची इच्छा असलेल्या प्रत्येकाला माझा पहिला सल्ला हाच असतो: आपल्याच गाडीच्या महाग मॉडेलला कंपनी काय माप देते ते बघा. निम्म्याहून जास्त गोंधळ तिथेच संपतो.

१६ इंचीत जायचंच असेल तर १९५/५५ आर१६, पण त्याला अटी आहेत, त्या पुढे सांगतो. दुकानदाराने सुचवलेली दोन्ही मापं घेऊ नका. आणि १७ इंची तुमच्या रस्त्यांवर अजिबात नको.

आता आकडेमोड. टायरवरच्या मापात तीन आकडे असतात आणि तिन्हींची जात वेगळी. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची, ज्याला आपण सायडवॉल म्हणतो तिची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. मधला आर म्हणजे रेडियल, टायरचा प्रकार. म्हणून ६५ चा टायर ८० पेक्षा नेहमी बुटकाच असेल असं नाही, कारण टक्केवारी कशाची ते रुंदीवर ठरतं. १६५ चे ८० टक्के १३२ मिलिमीटर होतात. ही एका बाजूची भिंत. वर एक, खाली एक, म्हणून दुप्पट, २६४. त्यात रिमचे १४ इंच मिळवा. एक इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणून १४ इंच म्हणजे ३५५.६. एकूण बाहेरचा व्यास झाला ६१९.६ मिलिमीटर. हा तुमचा मूळ आकडा. पुढची प्रत्येक तुलना याच्याशी करायची.

१८५/६५ आर१५ चा व्यास ६२१.५ येतो, मूळपेक्षा ०.३ टक्के जास्त. १९५/५५ आर१६ चा ६२०.९, म्हणजे ०.२ टक्के जास्त. १९५/६० आर१५ चा ६१५, पाऊण टक्का कमी. २०५/५० आर१६ चा ६११.४, सव्वा टक्क्याहून थोडा जास्त कमी. १९५/६५ आर१५ चा ६३४.५, म्हणजे जवळपास अडीच टक्के मोठा. २०५/४५ आर१७ चा ६१६.३, अर्धा टक्का कमी.

या रांगेकडे नीट बघितलं तर एक गोष्ट दिसेल. फक्त व्यास बघितला तर १७ इंची सुद्धा उत्तम जुळतो. इंटरनेटवरची बरीच टायर कॅल्क्युलेटर मुख्यतः हीच तुलना बघून हिरवी खूण करतात. व्यास जुळणं ही पहिली चाळणी आहे. तिच्यातून पार झालेलं माप अजून तीन-चार चाळण्यांतून जायचं असतं, आणि गाडीचं नुकसान होतं ते बहुतेक त्या पुढच्या चाळण्या सोडल्यामुळे.

व्यासात किती फरक चालतो? या धंद्यात तीन टक्क्यांचा आकडा सांगितला जातो. मी एक टक्क्याच्या आत ठेवतो, आणि त्याला कारण आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. नक्षीच्या खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. तिथवर नक्षी झिजली की टायर बदलायचा. म्हणजे एकाच टायरच्या आयुष्यात त्याचा व्यास जवळजवळ १३ मिलिमीटरने, म्हणजे दोन टक्क्यांनी, कमी होतो. शिवाय एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर त्यांच्यातही काही मिलिमीटरचा फरक निघतो. म्हणून अर्ध्या टक्क्यासाठी झोप उडवण्याचं कारण नाही. पण मापातच अडीच टक्के फरक घेतलात तर झीज आणि कंपनी-कंपनीतला फरक त्यावर आणखी बसतो.

मोठ्या व्यासाचा खरा त्रास स्पीडोमीटरला होतो. स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि काटा मात्र जुनाच हिशेब दाखवतो. १९५/६५ आर१५ घातले की जुन्या टायरवर काटा १०० दाखवताना जो खरा वेग होता, त्यापेक्षा आता तुम्ही अडीच टक्के जास्त वेगात असाल. कंपन्या काटा मुळात थोडा पुढे ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतल्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत चालतं. मोठा टायर घालून आपण तीच राखीव जागा खाऊन टाकतो. पुणे-सातारा रस्त्यावर कॅमेरे आहेत, त्यामुळे हा फरक नुसता कागदावर राहत नाही.

याच हिशेबातून मायलेजचाही एक गैरसमज होतो. मोठा टायर घातला की किलोमीटर कमी मोजले जातात. तुम्ही १,०२४ किलोमीटर चाललात तर मीटर १,००० दाखवतो. पेट्रोल तेवढंच लागलं तरी भागाकारात मायलेज पडलेलं दिसतं. लहान टायर घातला की उलट, मायलेज वाढल्यासारखं वाटतं आणि माणूस खूश होतो. खरी तुलना करायची तर मोबाइलच्या जीपीएसवर अंतर मोजा आणि टाकी दोन्ही वेळा एकाच पंपावर काठोकाठ भरा. मोठ्या अलॉयने मायलेज खरंच थोडं कमी होतं, कारण रुंद टायर रस्त्यावर जास्त ओढतो आणि जड चाक फिरवायला जास्त जोर लागतो. पण तो फरक मीटरच्या चुकीतून वेगळा काढल्याशिवाय कोणाला दोष देऊ नका.

लहान व्यासाचा तोटा जमिनीपासूनच्या उंचीत जातो. १८५/६० आर१५ सारखं माप कधी कधी स्वस्तात मिळतं म्हणून सुचवलं जातं. त्याचा व्यास ६०३, म्हणजे तुमच्यापेक्षा साडेसोळा मिलिमीटर कमी. गाडी त्याच्या निम्म्याने, ८ मिलिमीटरने, खाली बसते. ऐकायला किरकोळ वाटेल, पण गावातल्या उंच गतिरोधकावर पाच माणसं बसलेली असताना हेच ८ मिलिमीटर पोट घासवतात.

आता सायडवॉल. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त विचार याचा व्हायला हवा आणि सगळ्यात कमी होतो.

तुमच्या आजच्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर आहे. १८५/६५ आर१५ ची १२०. १९५/५५ आर१६ ची १०७. २०५/५० आर१६ ची १०२. आणि २०५/४५ आर१७ ची ९२. बाहेरचा व्यास तोच राहतो, पण रिम मोठं होत जातं तसं रबर आणि हवा कमी होत जाते. खड्ड्याच्या काठावर चाक आदळतं तेव्हा तो तडाखा आधी हीच भिंत दुमडून घेते. तिला दुमडायला जागा उरली नाही की रिमची कड आणि खड्ड्याची धार यांच्यात टायर चिमटला जातो. आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. त्यावर हायवेला जाऊ नका. कित्येकदा टायर वाचतो आणि रिम वाकतं. लोखंडी रिम वाकलं तर ठोकून सरळ करता येतं. अलॉय मात्र वाकण्याऐवजी तडकूही शकतं, आणि वेल्डिंग केलेलं अलॉय मी कोणाच्याही गाडीला लावत नाही.

पावसाळ्यानंतर घाटात आणि कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर काय अवस्था असते ते तुम्हाला मी सांगायला नको. खड्डा पाण्याने भरलेला असतो, खोली कळत नाही, समोरून एसटी येते म्हणून चुकवताही येत नाही. त्या क्षणी तुमच्या आणि रिमच्या मध्ये १२० मिलिमीटर हवं की ९२, हा खरा प्रश्न आहे. १७ इंचीला मी नाही म्हणतो ते या कारणासाठी. बंगळुरू हायवेवरच जी गाडी धावणार, तिच्या मालकाने १६ इंचीपर्यंत जावं, मी अडवणार नाही.

बुटक्या भिंतीचे फायदेही खरे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. भिंत कमी डोलते, त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते. १६५/८० वर स्विफ्ट जरा उशिरा प्रतिसाद देते, वळणावर थोडी झुलते. १८५/६५ वर हा फरक पहिल्याच वळणाला जाणवतो. घाटात चालवताना तो आवडण्यासारखा असतो. पण चौदावरून पंधराला येताना जेवढा फायदा मिळतो तेवढा पुन्हा पंधरावरून सोळाला जाताना मिळत नाही, आणि खड्ड्यांचा त्रास मात्र वाढत जातो.

रुंदीबद्दल एक समज घट्ट बसलेला आहे की रुंद टायर म्हणजे जास्त पकड. जमिनीला टेकलेला भाग किती मोठा असेल हे मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा ठरवतात. रुंदी वाढली की तो ठसा आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या वळणावर त्याचा उपयोग होतो. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो लवकर तरंगायला लागतो. पकड रबराच्या मिश्रणावर आणि नक्षीवर जास्त अवलंबून असते. दोन टायरमध्ये निवड करताना १० मिलिमीटर रुंदीसाठी जे पैसे जास्त मोजाल, तेच चांगल्या कंपनीच्या चांगल्या प्रतीच्या टायरला द्या. पावसात फरक तिथे पडतो.

टायरची रुंदी रिमच्या रुंदीशी जुळायला हवी, आणि इथे दुकानांत सर्रास तडजोड होते. रिमची रुंदी इंचांत असते, ५.५ जे, ६ जे, ७ जे अशी. १८५/६५ आर१५ ला ५ ते ६.५ इंच रुंदीचं रिम चालतं. १९५/५५ आर१६ ला ५.५ ते ७. २०५/४५ आर१७ ला ६.५ ते ७.५. तुमचा १६५/८० चा टायर ५.५ पर्यंतच. म्हणजे १४ इंची अलॉय सहा इंच रुंदीचं मिळालं आणि जुनेच टायर त्यावर चढवायचे म्हटलं, तर ते बरोबर नाही. अरुंद टायर रुंद रिमवर ताणला की भिंत आतल्या बाजूला कलते, रिमची कड उघडी पडते आणि फुटपाथला पहिली तीच घासते. रुंद टायर अरुंद रिमवर कोंबला की भिंती बाहेर फुगतात आणि वळणावर गाडी डळमळते. आणखी एक बारकावा: टायरवर लिहिलेली रुंदी एका ठरावीक रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच रुंद झालं की टायर सुमारे ५ मिलिमीटर रुंद होतो. मडगार्डच्या आत जागा तोकडी असेल तर हे ५ मिलिमीटर हिशेबात धरावे लागतात.

मापाच्या पुढे टायरवर ८५टी, ८८एच असं काही लिहिलेलं असतं. ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आकडा भाराचा आहे. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. अक्षर वेगाचं: टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. तुमचे मूळ टायर ८५टी आहेत. नवा टायर भारात आणि वेगात त्याच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा, खालचा कधीच नाही. १८५/६५ आर१५ साधारण ८८ मध्ये मिळतो, १९५/५५ आर१६ हा ८७ मध्ये, म्हणजे दोन्ही ठीक. पण २०५/४५ आर१७ साध्या प्रतीत ८४ असतो. दिसायला मोठा, रुंद, महाग, आणि वजन पेलायला तुमच्या आजच्या अरुंद टायरपेक्षा कमी. त्याचीच एक्सएल, म्हणजे जादा भाराची, प्रत ८८ ची येते, पण एक्सएल टायर तेवढा भार जास्त हवेवर पेलतो. हवा वाढवली की आधीच पातळ असलेली भिंत आणखी कडक होते.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. तुमच्या स्टिकरवरचा आकडा तुमच्या मूळ मापासाठी आहे. १८५/६५ घेतलात तर त्या मापासाठी कंपनीने दिलेला आकडा मॅन्युअलमध्ये किंवा झेडएक्सआय प्लसच्या स्टिकरवर बघा. टायरच्या भिंतीवर कोरलेला सर्वाधिक दाबाचा आकडा म्हणजे रोज भरायची हवा नव्हे. आणि हवा नेहमी गाडी थंड असताना मोजा.

इथवर टायर झाला. रिमचं वेगळंच आहे, आणि खरं सांगायचं तर अलॉयनंतर जेवढ्या तक्रारी घेऊन लोक येतात त्यातल्या बऱ्याचशा टायरच्या मापाच्या नसून रिमच्या मापाच्या असतात.

पहिलं, पीसीडी. नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. तुमच्या स्विफ्टला चार नट, १०० मिलिमीटर. बाजारात ४ बाय ९८ ची रिमही फिरतात. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, नट आवळले की बसल्यासारखे वाटतात, पण ते तिरके बसतात आणि चालता चालता ढिले होतात. जास्त गाड्यांना चालावीत म्हणून आठ भोकांची रिम येतात, त्यात १०० ची चार भोकं कोणती हे नट लावायच्या आधी खात्री करून घ्या.

दुसरं, मधलं भोक, ज्याला सेंटर बोअर म्हणतात. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे रिम ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचा, व्यास ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या अलॉयचं भोक बहुधा ६७.१ किंवा ७३.१ असतं, म्हणजे सगळ्यांना चालेल असं मोठं. मधली पोकळी भरायला हब रिंग नावाची कडी लागते. ती नसली की चाक हबवर बरोबर मध्यावर बसेलच याची खात्री राहत नाही. मग ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, माणूस बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करतो आणि थरथर जात नाही, कारण बॅलन्सिंगच्या मशिनवर चाक बरोबर मध्यावर असतं, गाडीवर नसतं. रिंगची किंमत किरकोळ. चार रिंगा मागून घ्या, बिलात लिहून घ्या.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑफसेट. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी जागा यांतलं अंतर. रिमच्या मागे ईटी ४५, ईटी ३५ असं कोरलेलं असतं. आकडा जितका लहान तितकं चाक बाहेर येतं. रुंदी आणि ऑफसेट एकत्रच मोजायचे असतात. समजा एक रिम ६ इंच रुंद, ईटी ४५ आहे आणि दुसरं ७ इंच, ईटी ३५. एक इंच वाढलं म्हणजे प्रत्येक बाजूला १२.७ मिलिमीटर. त्यात ऑफसेट १० ने कमी झाल्यामुळे सगळं चाक १० मिलिमीटर बाहेर सरकलं. म्हणून बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड २.७ मिलिमीटर आत गेली. टायरच्या मापात एका आकड्याचाही फरक नसताना हे होतं. व्यास जुळवून, कॅल्क्युलेटरवर हिरवी खूण बघून आणलेलं चाक मागच्या सीटवर तिघे बसले की मडगार्डला का घासतं, त्याचं उत्तर इथे असतं.

चाक बाहेर आलं की नुसतं घासतंच असं नाही. हब बेअरिंगवर भार तिरका पडतो, ते लवकर आवाज करू लागतं. खड्ड्यात स्टिअरिंगला झटका जास्त येतो. चिखल थेट दारांवर उडतो. उलट ऑफसेट जास्त घेतला तर आतली कड शॉक अॅब्सॉर्बरच्या जवळ जाते, आणि तिथे घासलेला टायर आतल्या बाजूने कापला जातो, बाहेरून कळतही नाही. म्हणून मूळ रिमच्या मागचा आकडा आधी वाचा, लिहून ठेवा, आणि नव्या रिमचा ऑफसेट त्याच्यापासून पाचेक मिलिमीटरपेक्षा लांब जाऊ देऊ नका. बलेनोला कंपनी १५ इंचीवर १८५/६५ आणि १६ इंचीवर १९५/५५ देते, म्हणून बलेनोची जुनी अलॉय स्विफ्टला घ्यावीत का असं पुष्कळ जण विचारतात. टायरची मापं जुळतात हे खरं. पण रिम घेताना मागचे आकडे स्वतः वाचूनच घ्या, आणि जुनी रिम असतील तर मशिनवर फिरवून वाकलेली नाहीत ना हे बघून घ्या. ऑफसेट जुळत नाही म्हणून स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मधली चकती, घालू, असं कोणी म्हटलं तर ते दुकान बदला.

नवी रिम घेताना वजनकाट्यावर ठेवायला सांगा. स्वस्त १६ इंची अलॉय तुमच्या १४ इंची लोखंडी रिमपेक्षा जड निघतं, हे मी सतत बघतो. अलॉय म्हणजे हलकं, हे गृहीत धरू नका. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, त्यामुळे ते वाढलं की प्रत्येक खड्डा गाडीत जास्त जाणवतो. रिमवर आयएसआयची खूण किंवा जेडब्ल्यूएलचा, म्हणजे अलॉयच्या जपानी मानकाचा, ठसा आहे का तेही बघा. काहीच ठसा नसलेलं रिम कितीही देखणं असलं तरी नको.

पैसे देण्याआधी एक चाक प्रत्यक्ष लावून बघायचा आग्रह धरा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. पुढे लावा, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवा, आतल्या प्लास्टिकला लागतं का ते बोटाने चाचपा. ब्रेकच्या कॅलिपरपासून स्पोक मोकळे आहेत का बघा. मग तेच चाक मागे लावा, मागच्या सीटवर तिघांना बसवा, आणि मडगार्डच्या आतल्या दुमडीपासून किती अंतर उरतं ते बघा. त्या दुमडीवर खडू फासून गतिरोधकावरून एक फेरी मारली तर टायरवर उमटलेली रेघ सगळं सांगते.

टायर घेताना भिंतीवरचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घ्या. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, प्रत्येक चाकाचा वेग वेगळा मोजतो, त्याला चारही चाकांकडून सारखा हिशेब मिळायला हवा. ज्यांच्याकडे फोर व्हील ड्राइव्ह गाड्या आहेत त्यांनी हे जास्तच पाळावं, कारण पुढच्या आणि मागच्या व्यासातला फरक तिथे थेट गिअरच्या दातांवर येतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. म्हणूनही कंपनीने त्याच मॉडेलला दिलेलं माप सगळ्यात सुरक्षित. विमा कंपनीला अलॉय टाकल्याचं लेखी कळवा, बिल जपून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनचा दावा नाकारायला बाहेरचं माप हे कारण दाखवलं जाऊ शकतं.

ज्यांच्याकडे स्विफ्ट नाही त्यांनीही हिशेब असाच करायचा. वॅगनआरला कंपनीने १३ इंचीवर १५५/८० आणि १४ इंचीवर १६५/७० दिले. इनोव्हा क्रिस्टाला १६ इंचीवर २०५/६५ आणि १७ इंचीवर २१५/५५. व्यास काढून बघा, पहिल्यात दीड टक्क्याचा फरक आहे, दुसऱ्यात एक टक्क्याहून कमी. रिम एक इंचाने वाढलं की भिंत किती कमी करायची आणि रुंदी किती वाढवायची, याचा अंदाज अशा जोड्यांवरून चांगला येतो.

बसवताना नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्या, नुसत्या हवेच्या गनवर सोडू नका. कंपनीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपासा, कारण नवं अलॉय बसल्यावर नट थोडे सैल होतात. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या.

स्टेपनीचा विचार शेवटी राहून जातो. जुनी चारही लोखंडी रिम दुकानदार घेऊन जाईल, पण डिकीतली स्टेपनी १६५/८० आर१४ चीच राहील. १८५/६५ आर१५ शी तिचा व्यास दोन मिलिमीटरनेच वेगळा आहे, त्यामुळे पंक्चर झाल्यावर टायरच्या दुकानापर्यंत सावकाश जायला ती चालते. फक्त बाजारातल्या अलॉयबरोबर कित्येकदा अरुंद, लांब नट येतात आणि त्यांना वेगळा पाना किंवा चावी लागते. ती चावी गाडीत ठेवा. ते नट लोखंडी रिमला नीट बसतीलच असं नाही, म्हणून मूळ नटांपैकी चार नट पिशवीत घालून स्टेपनीच्या खाली ठेवा. आणि दुकानातून निघण्याआधी एकदा स्टेपनी लावून बघा, म्हणजे घाटात रात्री पहिल्यांदा बघायची वेळ येणार नाही.